छातीत पुन्हापुन्हा भरणारं पाणी : पावडर की नळी?

स्तनाचा कॅन्सर फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचलेल्या पेशंटच्या फाइलमध्ये दोन-तीनदा टॅपिंग, म्हणजे सुईने छातीतलं पाणी काढणं, झालं की पुढच्या कागदावर 'प्लुरोडेसिस किंवा आयपीसी' असं लिहून येतं. नाशिकमध्ये हा कागद मुंबई नाक्यावर मिळो, कॉलेज रोडला मिळो किंवा परळहून येवो, घरच्यांना दोन-चार दिवसांत ठरवायचं असतं: छातीत पावडर घालून फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमधली जागा बंद करायची (प्लुरोडेसिस), की घरी पाणी काढता येईल अशी नळी बसवायची (आयपीसी). या दोन वाटा वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी तयार झाल्या. आजचा गोंधळ बराचसा तिथूनच आलेला आहे.

पावडर म्हणजे टाल्क. १९३५ मध्ये ती पहिल्यांदा छातीत फवारली गेली, तेव्हा कॅन्सरच्या पाण्याशी तिचा संबंध नव्हता. फुप्फुसाचा एक भाग कापण्याआधी उरलेलं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसावं, एवढाच हेतू होता. कॅन्सरच्या पाण्यासाठी पुढे टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, ब्लिओमायसिन असं बरंच काही वापरून झालं. आपल्याकडे पोव्हिडोन आयोडीन अजूनही वापरतात. १० टक्क्यांचं २० मिली द्रावण ८० मिली सलाइनमध्ये मिसळून दवाखान्यात तात्पुरत्या नळीतून सोडतात. स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि बऱ्याच जणींना पुरतंही. थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगायला हवं.

टाल्कबद्दलची भीती खरी होती, पण तिचं कारण उशिरा कळलं. पावडर घातल्यावर काही पेशंटच्या दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन श्वास कोलमडला. संशय आधी मात्रेवर गेला, मग कणांच्या आकारावर. बारीक कण आवरणातून रक्तात शिरतात. मोठे कण राखून बारीक गाळून टाकलेली टाल्क वापरून ५५८ पेशंटचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असा एकही प्रकार घडला नाही. म्हणून 'टाल्क घालणार का' एवढं विचारून भागत नाही. टाल्क ग्रेडेड (बारीक कण गाळलेली) आहे का आणि निर्जंतुक पाकिटातली आहे का, हेही विचारावं. नेहमीची मात्रा ४ ग्रॅम, ५० मिली सलाइनमध्ये कालवून. त्याआधी नळीतूनच लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडतात, वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त २५० मिलिग्रॅम. नळी एक-दोन तास बंद ठेवतात. पूर्वी या वेळात पेशंटला कुशीवर, पालथं, पुन्हा कुशीवर असं फिरवत. त्याने पावडर अधिक चांगली पसरते असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि बरगडीत किंवा मणक्यात कॅन्सर असलेल्या बाईला त्याचा नुसता त्रास होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप आणि छातीत दुखणं अपेक्षित असतं. सूज आल्याशिवाय दोन पदर चिकटत नाहीत, म्हणून ब्रुफेनसारखी गोळी बंद करायची पद्धत होती. २०१५ च्या ३२० पेशंटच्या चाचणीत त्या गोळीने प्लुरोडेसिस फसण्याचं प्रमाण वाढलं नाही. किडनी ठीक असेल तर दुखणं सोसत बसण्याचं कारण उरलेलं नाही.

पावडर दुर्बिणीतून (थोरॅकोस्कोपी) फवारायची की नळीतून सोडायची, हा वाद स्तनाच्या कॅन्सरमध्ये जास्तच रेंगाळला. २००५ मधल्या एका मोठ्या चाचणीत एकूण निकाल सारखाच निघाला, पण स्तन आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गटात फवारणी सरस दिसली, ८२ टक्के विरुद्ध ६७ टक्के. मोठ्या चाचणीतला छोटा गट वेगळा काढून वाचला की असे आकडे निघतात. तरी कित्येक वर्षं 'ब्रेस्टच्या पेशंटला थोरॅकोस्कोपीच करा' हा सल्ला त्यावर उभा होता. पुढे ३३० पेशंटच्या ब्रिटिश चाचणीत तीन महिन्यांनंतर अपयश २२ आणि २४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच, आढळलं. निदानासाठी आवरणाचा तुकडा हवाच असेल तर दुर्बीण घालावी आणि त्याच वेळी पावडरही फवारावी. निदान हातात असताना केवळ पावडरीसाठी भूल घ्यायला लावण्याला आता आधार नाही.

दुसरी वाट, त्वचेखालून बोगदा काढून बसवलेली मऊ नळी, अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाली. बरीच वर्षं तिच्याकडे 'दुसरं काही जमलं नाही तर' म्हणून पाहिलं गेलं. २०१२ च्या १०६ पेशंटच्या चाचणीने हे चित्र बदललं. सहा आठवड्यांनी धाप दोन्ही गटांत सारखीच कमी झाली होती. पण नळीवाल्यांना सुरुवातीला दवाखान्यात राहावं लागलं नाही आणि पावडरवाल्यांचा मध्यक मुक्काम ४ दिवसांचा होता. पुन्हा छातीत काही करावं लागण्याचं प्रमाण नळीच्या गटात ६ टक्के, पावडरीच्या गटात २२ टक्के. उलट बाजूने बारीकसारीक त्रास नळीत बरेच जास्त. २०१७ मध्ये १४६ पेशंटवर वर्षभरातले दवाखान्याचे दिवस मोजले, तेव्हा फरक १० आणि १२ दिवस इतकाच उरला. २०१८ मध्ये या घरच्या नळीतूनच टाल्क सोडायची जोडपद्धतही तपासली गेली. फुप्फुस फुलणाऱ्या पेशंटमध्ये पाच आठवड्यांनी पाणी थांबण्याचं प्रमाण त्याने २३ वरून ४३ टक्क्यांवर गेलं.

या सगळ्या आकड्यांमध्ये एक अट दडलेली आहे आणि समजावून सांगताना नेमकी तीच गळते. पावडर चालते ती पाणी काढल्यावर फुप्फुस पूर्ण फुलत असेल तरच. आवरणावर कॅन्सरचं कवच बसलं असेल तर फुप्फुस भिंतीपर्यंत पोचतच नाही, मग पावडर कशाला कशाशी चिकटवणार? ही स्थिती दुर्मीळ नाही, कॅन्सरच्या पाण्यात जवळपास तिघांपैकी एकाच्या बाबतीत ती आढळते. अशा पेशंटसाठी नळी हाच मार्ग आहे. त्यामुळे पावडर की नळी हा वाद बऱ्याचदा वैद्यकीय नसतोच. एक एक्स-रे न काढल्यामुळे तो पडलेला असतो.

हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. सोनोग्राफी बघत एकदा भरपूर टॅपिंग करायचं, एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंत, आणि मग उभ्याने एक्स-रे काढायचा. पाणी निघत असताना छाती आतून ओढल्यासारखी दुखायला लागली किंवा खोकला थांबेना, तर तिथेच थांबायचं. त्यापुढे नेटाने काढत राहिलं तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती मिली निघालं आणि नंतर धाप खरंच कमी झाली का. धाप कमी झालीच नसेल तर कारण पाणी नसून दुसरं आहे: रक्ताची गुठळी, हृदय, फुप्फुसात पसरलेला आजार, किंवा ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानसारख्या औषधाने आलेली फुप्फुसाची सूज. तेव्हा पावडर आणि नळी दोन्ही फुकट जातात. आणखी एक नेहमीची चूक. अडकलेल्या फुप्फुसाच्या पेशंटमध्ये टॅपिंगनंतरच्या एक्स-रेत पाण्यावर हवा दिसते. ती बहुधा सुई लागल्यामुळे शिरलेली नसते, फुप्फुस न फुलल्यामुळे रिकामी राहिलेली जागा असते. घाईने जाड आयसीडी (छातीतली निचऱ्याची नळी) टाकून तिचा उपयोग होत नाही, दुखणं मात्र वाढतं.

महाराष्ट्रात या कथेला टीबीचा फाटा फुटतो. पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त आणि एडीए हे एन्झाइम ४० च्या वर आलं की एकेटी (टीबीची औषधं) सुरू करायचा प्रघात आहे. तरुण, पूर्वी धडधाकट माणसात तो बहुतेकदा योग्यही ठरतो. पण कॅन्सरच्या पाण्यातही लिम्फोसाइट जास्त असतात आणि एडीए कधीकधी वर जातं. सायटोलॉजी (पाण्यातल्या पेशींची तपासणी) एकदा निगेटिव्ह आली म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. एकेटीतली रिफॅम्पिसिन यकृताला औषधं झपाट्याने मोडायला लावते. तिच्यामुळे टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळीची रक्तातली पातळी एका अभ्यासात ८६ टक्क्यांनी घसरली होती, आणि पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या गोळ्यांचंही तेच होतं. म्हणजे नसलेल्या टीबीचं औषध असलेल्या कॅन्सरचं औषध निकामी करतं. एकेटी लिहून आली तर ती घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन व्हायलाच हवा. टीबी खरंच सिद्ध झाला तर दोन्ही उपचार चालतात, पण गोळ्या बदलून.

याच कारणासाठी पहिलं पाणी टाकून देऊ नये. निदान ५० मिली सायटोलॉजी आणि सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून केलेला ठोकळा), शिवाय प्रोटीन, एलडीएच, ग्लुकोज, एडीए आणि टीबीच्या तपासणीसाठी वेगळ्या बाटल्या. ईआर, पीआर, हर-टू (औषधनिवडीचे मार्कर) पुन्हा तपासायचे असतील तर ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला हवं, कारण पसरलेल्या ठिकाणी हे निकाल मूळ गाठीपेक्षा वेगळे येऊ शकतात आणि उपचार त्यावर फिरतो. नमुना कसारा घाट उतरून मुंबईला जायचा असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नाही. रविवारी सायंकाळी काढून सोमवारी दुपारपर्यंत टेबलावर राहिलेल्या पाण्यातल्या पेशी वाचता येत नाहीत.

पैशांची बाजूही अलीकडचीच आहे. सरकारी आरोग्य योजना नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात आली, कुटुंबामागे दीड लाखाच्या मर्यादेने आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर. २०२३ मध्ये ही मर्यादा ५ लाख करण्याचा निर्णय झाला. अशा योजना दवाखान्यातल्या प्रक्रियेचा हिशोब ठेवतात. घरच्या नळीचा खर्च मात्र नंतर, बाटलीबाटलीने होत राहतो. म्हणून नळी बसवण्याआधी विचारायचं: व्हॅक्यूमच्या बाटल्या कोण देणार, कुठून मिळणार, आठवड्याला किती लागणार. दिवसाआड काढणं ही नेहमीची पद्धत, एका वेळी १ लिटरच्या आत. रोज काढल्याने पाणी आपोआप थांबण्याचं प्रमाण एका चाचणीत २४ वरून ४७ टक्के झालं होतं, पण त्यात बाटल्या दुप्पट लागतात. बाटल्या परवडत नसल्या की साधा पिगटेल (टोकाशी वळलेली बारीक नळी) आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) ही तडजोड केली जाते. काही दिवसांसाठी ती चालते. महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी पिगटेल बनलेला नाही, तो निसटतो, बुजतो आणि त्वचेच्या तोंडाशी पिकतो. सुरगाणा किंवा कळवणच्या पेशंटसाठी ड्रेसिंग कोण करणार हे आधी ठरलेलं नसेल, तर चार दिवस राहून पावडर घेणंच सोयीचं, अर्थात फुप्फुस फुलत असेल तर.

तयारीचा उरलेला भाग तसा सरळ आहे. प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या खाली पाहतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफॅरिन आणि क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, रिव्हारोक्साबान किंवा एपिक्साबान किडनीनुसार १ ते २ दिवस आधी, पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं उपचाराचं इंजेक्शन २४ तास आधी. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ॲस्पिरिनसाठी सहसा थांबावं लागत नाही. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर जखम भरत नाही, म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी २८ दिवसांचं अंतर ठेवतात. पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी असते. घाई नसेल तर सुट्टीच्या शेवटी, ताजा सीबीसी पाहून तारीख घ्यावी, कारण पांढऱ्या पेशी तेव्हा सावरलेल्या असतात. साध्या टॅपिंगला उपाशी राहावं लागत नाही. थोरॅकोस्कोपीला ६ तास अन्न आणि २ तास पाणी बंद. पोर्ट (केमोसाठी कातडीखाली बसवलेली नळी) कुठल्या बाजूला आहे, काखेतल्या गाठी कुठल्या बाजूच्या काढल्या, रेडिएशन कुठे झालं आणि कुठल्या बरगडीत कॅन्सर आहे, हे एका कागदावर. नळीचं तोंड रेडिएशन झालेल्या किंवा गाठी आलेल्या कातडीतून काढू नये, सुई आणि बीपीचा पट्टा काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सोडून दुसऱ्या हाताला. हर-टूचं औषध चालू असेल तर शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि सीटीची फिल्म नव्हे, सीडी.

नळी बसल्यावर एक गोष्ट घरी माहीत असलेली बरी. लागोपाठ तीन वेळा ५० मिलीपेक्षा कमी पाणी आलं, धाप नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तर पदर आपोआप चिकटले आहेत आणि नळी काढता येते. पण पाणी एकाएकी थांबलं आणि धाप वाढत चालली, तर नळी बुजली आहे किंवा आत कप्पे पडले आहेत. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यायची. ताप, नळीभोवती लाली, गढूळ किंवा वास येणारं पाणी असेल तरीही त्याच दिवशी जायचं. संसर्ग लवकर पकडला तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकवर भागतं आणि नळी काढावी लागत नाही.