ऑनलाइन समुपदेशन: पहिल्या सेशनआधी हे वाचा

आमच्याकडे पहिल्यांदा फोन करणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. तुम्ही नेमकं काय करता, आणि घरच्यांना कळणार नाही ना? दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

घरातून बोलायचं, पण कुठे बसून?

आमच्या बाजूची गोपनीयता आम्ही सांभाळतो. तुमच्या खोलीचं दार मात्र आम्हाला इथून लावून घेता येत नाही. वन बीएचकेत सासूबाई पलीकडे मालिका बघत असतील आणि बोलायचं त्यांच्याबद्दलच असेल, तर माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो. अशा सेशनचे पैसे वाया जातात, त्यापेक्षा वेळ बदलून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोललात तरी चालेल (गाडी उभी हवी, सिग्नलला थांबलेली नव्हे). गच्ची, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, शाळा सुटल्यावरचा वर्गही चालतो. हेडफोन मात्र हवाच. तुमचा आवाज बाहेर गेला तरी निदान आमचा जात नाही.

मध्येच कुणी खोलीत आलं तर काय म्हणायचं, ते पहिल्याच भेटीत ठरवून ठेवतो. ‘ते एक्सेलचं नंतर बघू’ असं तुम्ही म्हणालात की आम्ही लगेच विषय बदलतो.

नेट पुरत नसेल तर नुसत्या आवाजावर बोलता येतं. पण पहिलं सेशन शक्यतो व्हिडिओवर करा. तोंडाने ‘काही नाही, ठीक चाललंय’ म्हणताना जबडा आवळलेला असतो, आणि तो आम्हाला दिसावा लागतो.

‘एकात्मिक’ म्हणजे काय

आता पहिला प्रश्न, आम्ही नेमकं काय करतो. आम्ही करतो ते एकात्मिक समुपदेशन. मानसोपचारात अनेक पद्धती आहेत. कार्ल रॉजर्स यांनी माणसाला निवाडा न करता ऐकून घेण्यावर भर दिला. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि पुढे 1960 च्या दशकात ॲरन बेक यांनी, आपल्या भावनांमागे कोणते विचार असतात ते तपासायला शिकवलं. मरे बोवेन यांनी एकट्या माणसाऐवजी त्याचं अख्खं कुटुंब समोर ठेवलं. एकात्मिक समुपदेशनात एकाच पद्धतीला बांधून न घेता, समोरच्या माणसाला आत्ता काय लागतंय त्यानुसार निवड केली जाते. सगळ्यातलं चिमूटभर घेतलं की झालं एकात्मिक, असं मात्र नाही. कशाच्या आधी काय, हे कळणं महत्त्वाचं.

एक नमुना घ्या. तो रचलेला आहे, आमच्या कुणा ग्राहकाचा नाही. बँकेत काम करणारी बाई. मार्चअखेर जवळ आली की छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. पहिल्या भेटीत आम्ही तिला काही शिकवत नाही, ऐकतो. मग झोप आणि श्वास, कारण रात्री तीनला जागं राहणाऱ्या माणसाशी विचारांची चर्चा करण्यात अर्थ नसतो. थोडं स्थिरावल्यावर तिच्या एका वाक्याकडे येतो: ‘मी नाही म्हटलं तर मी कामचुकार ठरेन.’ हे कुणी प्रत्यक्ष म्हटलंय, की तिने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे? आणि हेही स्पष्ट सांगतो की शाखेत माणसंच कमी असतील तर तो प्रश्न तिच्या मनातला नाही. दीर्घ श्वास घेऊन फायली कमी होत नाहीत.

चौथ्या-पाचव्या भेटीत कळतं की नवरा आठवडाभर धड बोललेला नाही. मग तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढतो. त्याच्या घरात राग आला की अबोला, तिच्या घरात दमल्याचं बोलून दाखवायचंच नाही. दोघंही आपापल्या घरच्या रीतीने वागतायत आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्याला आपली पर्वा नाही. यानंतर नवरा तयार असेल तर दोघांचं सेशन. ‘तू नेहमीच असं करतोस’ याऐवजी ‘काल तू न जेवता झोपलास तेव्हा मला भीती वाटली’ असं म्हणायला शिकणं. वाचायला सोपं आहे. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

दोघांचं सेशन

एकजण पुण्यात आणि दुसरा दुबईत किंवा जहाजावर असला तरी तिघं एकाच कॉलवर बसू शकतो. अमेरिकेतल्या ग्राहकांनी मार्च आणि नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ बदलतं तेव्हा वेळ पुन्हा तपासावी. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

‘ती माझ्याबद्दल काय म्हणाली?’ असं विचारायला वेगळा फोन करू नका, सांगणार नाही. तुमच्या आईवडिलांनी फी भरली म्हणून त्यांनाही सांगणार नाही. घटस्फोट घ्यावा की नाही, हेही आम्ही ठरवत नाही.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर दोघांना एकत्र बसवत नाही. तिथे खरं बोलण्याची किंमत कॉल संपल्यावर मोजावी लागते. अशा वेळी आधी सुरक्षितता: महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं.

जे आमच्याकडे होत नाही

आम्ही औषधं देत नाही आणि कोर्टासाठी दाखले लिहीत नाही. भास होणं, कित्येक दिवस झोप न लागणं, व्यसन हाताबाहेर जाणं, अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटा. समुपदेशन त्याच्या जोडीने चालू शकतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. धोका समोर असेल तर 112.

सेशन रेकॉर्ड होत नाही, तुम्हीही करू नका. गोपनीयतेला अपवाद तीनच: कुणाच्या जिवाला धोका, बालकावरचा लैंगिक अत्याचार (2012 च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे) आणि न्यायालयाचा आदेश.

वेळ आणि फी

एकट्याचं सेशन 50 मिनिटांचं, दोघांचं 80. फी बुकिंगआधीच कळते. 24 तास आधी कळवलंत तर रद्द केल्याचे पैसे कापत नाही. दहा सेशनचं पॅकेज आम्ही विकत नाही. चार भेटींनंतर फरक पडतोय का ते तुम्ही आणि आम्ही मिळून बघायचं, आणि नसेल तर दुसरा समुपदेशक सुचवतो, आमच्याकडचा किंवा बाहेरचा. ‘समुपदेशक’ अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावताना दिसतो, तेव्हा शिक्षण काय, प्रशिक्षण कुठे झालं, हे आम्हालाही बिनधास्त विचारा.