भूतसृष्टी व लोकाचार, अद्भुतकथेतील

काल्पनिक राज्य वा युग उभे करताना लोकसमजुतीतील भुतेखेते आणि जुन्या काळचे रोजचे आचार यांचा केला जाणारा उपयोग. मराठी भुतांचे वर्ग बव्हंशी अपुऱ्या राहिलेल्या संस्कारावरून किंवा मरणाच्या प्रकारावरून पडलेले आहेत. मुंजीनंतर पण सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात गेलेली स्त्री ती हडळ. मुंजा घेऊन मुंज गाळली, तर उरतो तो पिंपळावरचा बागुलबुवा.

इंदूरच्या मराठी लेखकापुढे मात्र वेताळ दोन उभे राहतात. दक्षिणेतून आलेल्या घराण्यांचा वेताळ हा भुतांचा राजा व गावाचा राखणदार. वेशीवरच्या शेंदरी दगडात त्याचे ठाणे, अमावास्येला दिवट्यांसह त्याची स्वारी. दुसरा, प्रेतात शिरून कूटप्रश्न घालणारा, सुमारे ५५ किमी.वरील उज्जैनच्या विक्रमाशी जोडलेला. हा संबंध मूळचा दिसत नाही. अकराव्या शतकातील कथासरित्सागरात राजा त्रिविक्रमसेन गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा असून प्रेत शिंशपा वृक्षाला लटकलेले आहे. वड-पिंपळ ही पुढच्या कथेकऱ्यांची सोय असावी. वेताळकथांचे हे चक्र कथासरित्सागराचे मूळ मानल्या जाणाऱ्या, गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेत होते काय, याविषयी मतभेद आहेत. बृहत्कथेचे नेपाळी परंपरेतील रूपांतर असलेल्या बुधस्वामीच्या श्लोकसंग्रहात ते आढळत नाही. तो ग्रंथ अपूर्ण मिळाल्याने हा पुरावा निर्णायक ठरत नाही. तरी कथासरित्सागर ज्या काश्मीरी शाखेतला, तीत ते मागाहून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही वेताळ एकाच पात्रात कोंबले, की राखणदारही जातो आणि कोडी घालणाराही.

कोकणातील भुतांविषयी ब्रिटिश अधिकारी व लोकसाहित्य-संकलक एन्थोव्हेन यांचे १९१५ च्या सुमाराचे संकलन उपयुक्त आहे. त्याची सामग्री जॅक्सन या अधिकाऱ्याने जमवलेली होती. माळव्याला ते जसेच्या तसे लावू नये.

आचारांत काळाचे भान अधिक लागते. होळकरशाहीच्या धर्तीवर राज्य रचणारे पुष्कळदा अहिल्याबाईंच्या काळचा (१७६७–९५) दरबार इंदूरच्या राजवाड्यात भरवतात. तेव्हा राजधानी महेश्वरला होती, ती इंदूरला आली १८१८ च्या मंदसोर तहानंतर. त्या काळच्या पाहुण्यापुढे पानसुपारी यावी, चहा नव्हे. रात्रीच्या प्रसंगी दिवटी कोण धरतो आणि तेल कोणाकडून येते, हे ठरवले की बलुतेदारी आपोआप कथेत येते. सोयर-सुतकाचे दिवस, सटवाईची पूजा, जावळ यांचाही असाच उपयोग होतो.