मुंबई–लंडन हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे 7,200 किमी, म्हणजे जवळपास 3,900 सागरी मैल आहे. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले हे बृहद्‌वृत्ताचे अंतर होय. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. मुंबईहून ती वायव्येला निघते; सौराष्ट्र, कराची, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस आणि युक्रेनवरून वर चढत जाते. हीथ्रोला पोहोचेपर्यंत मात्र तिची दिशा जवळजवळ थेट पश्चिम झालेली असते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे वळण कधीच दिसत नाही.

प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून जात नाहीत. युक्रेनची हवाई हद्द 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद झाली. पाकिस्ताननेही 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे या कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. म्हणूनच 7,200 हा आकडा किमान अंतराचा समजावा.

वेळेचे गणित याहून रंजक आहे. जेट विमानाचा वेग ताशी 900 किमी धरला, तर वारा नसताना हे अंतर 8 तासांत कापले जाईल. पण मध्य अक्षांशांत उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. समजा, वाटभर ताशी 100 किमी वारा आहे: जाताना 9 तास लागतील, येताना 7 तास 12 मिनिटे. जाताना एक तास गमावला, येताना मात्र 48 मिनिटेच परत मिळाली. शाळेतल्या नाव-प्रवाहाच्या उदाहरणासारखेच हे. वाऱ्यामुळे जाऊन-येऊन एकूण वेळ वाढतोच.

वेळापत्रकातली वेळ यापेक्षाही जास्त असते: जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास, येताना नऊच्या आसपास. ती विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या हे सगळे तिच्यात धरलेले असते.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा येथे थांबावे लागले होते.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. भारताचे घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, ब्रिटिश उन्हाळी वेळेत साडेचार तास. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 2 वाजता निघून संध्याकाळी साडेसहाला लंडनला उतरणारे विमान प्रत्यक्षात 10 तासांचा प्रवास करते.