फ्लॉवरचा मॅश आणि उपाशी न मरणारी बुरशी

परवा मैत्रिणीने एक फॉरवर्ड पाठवलं, कॅन्डिडा डाएट (साखर सोडून अंगातली कॅन्डिडा नावाची बुरशी मारायची, असं म्हणणारं) करणाऱ्यांसाठी कम्फर्ट फूड. बटाट्याऐवजी फ्लॉवरचा मॅश, मैद्याऐवजी नारळाच्या पिठाचे पॅनकेक, पास्त्याऐवजी झुकिनीच्या लांब पट्ट्या, आणि खाली ठळक अक्षरात "साखर बंद, बुरशी उपाशी, तुम्ही ठणठणीत". मॅश मी त्याच संध्याकाळी केला आणि मस्त झाला. भांडण आहे ते खालच्या ओळीशी.

आधी मॅश सांगते. फ्लॉवरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तुरे पाण्यात न उकडता वाफवायचे, सुरी अलगद आत गेली की कोरड्या गरम भांड्यात दोनतीन मिनिटं परतायचे म्हणजे उरलेलं पाणी उडून जातं, ही स्टेप गाळली तर मॅशचं सूप होतं. मग बटर किंवा ऑलिव्ह ऑइल, भाजलेला लसूण, मीठ, मिरपूड घालून सरळ मिक्सरला लावायचं. बटाट्याला मिक्सर लावला की फुगलेला स्टार्च पेशी फुटून बाहेर येतो आणि खळ तयार होते. फ्लॉवरमध्ये स्टार्च नावालाच, त्यामुळे कितीही फिरवा, चिकट होत नाही.

आता बुरशी. कॅन्डिडा अल्बिकान्स हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशीच, कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुकाट राहत असतं. (यीस्ट म्हणून या डाएटमध्ये पावावरही बंदी! पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, आणि ते ओव्हनमध्येच मरतं.) आपण खाल्लेल्या साखरेचं, स्टार्चचं ग्लुकोज बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जातं, पुढे मोठ्या आतड्यात फारसं काही पोचत नाही. १९९९ साली निरोगी लोकांना मुद्दाम जास्त साखर देऊन पाहिलं होतं, त्यांच्या आतड्यातल्या कॅन्डिडात जेमतेमच फरक पडला. डायबेटिस कंट्रोलमध्ये नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे रक्तातच साखर जास्त असते आणि कॅन्डिडाचा त्रास खरंच वाढतो.

पण समजा, साखर मिळालीच नाही, तर ती बुरशी मरेल का? हा माझा आवडता भाग आहे, जरा लांबेल.

कॅन्डिडाची दोन मुख्य रूपं. एक म्हणजे अंडाकृती सुटी पेशी, हिला कोंब फुटून दुसरी होते, ही बऱ्यापैकी गरीब. दुसरं म्हणजे लांब तंतू, हे आपल्या पेशींच्या थरात घुसतात. शरीराचं ३७ अंश तापमान, ॲसिड कमी असलेली जागा, भरपूर कार्बन डायऑक्साइड, असे इशारे मिळाले की तंतू फुटायला लागतात. यातला कार्बन डायऑक्साइड ॲडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमला थेट चालू करतो, त्यातून सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बनतो, तो प्रोटीन कायनेज ए या दुसऱ्या एन्झाइमला जागं करतो, ते पुढे ईएफजी१ या जीन्स चालू करणाऱ्या प्रोटीनला, आणि तंतूंसाठी लागणारे जीन्स चालू होतात. त्यातला एक ईसीई१. त्याचं प्रोटीन तुकडे होऊन बाहेर पडतं आणि एका तुकड्यात फक्त ३१ अमिनो ॲसिड असतात, तो आपल्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो. हे कॅन्डिडालायसिन २०१६ मध्ये सापडलं, बुरशी इतकं साधं विष वापरते हे वाचून मी थक्कच झाले होते.

आता आपल्या प्रतिकारशक्तीच्या एखाद्या पांढऱ्या पेशीने ही बुरशी गिळली असं समजा. आत साखरेचा दुष्काळ. तरी ती ग्लायऑक्सिलेट सायकल चालू करते, म्हणजे फॅटी ॲसिडपासून स्वतःची साखर बनवते, जे आपल्या शरीराला जमत नाही. शिवाय अमिनो ॲसिड खाते, नको असलेला नायट्रोजन अमोनिया म्हणून बाहेर टाकते, अमोनियाने आजूबाजूचं ॲसिड कमी होतं, आणि ॲसिड कमी झालं की काय होतं ते वर आलंच आहे. तंतू फुटतात आणि गिळणाऱ्या पेशीलाच फाडून बाहेर येतात. साखर बंद केल्याने बुरशी चवताळते असं म्हणायचं नाहीये हं, हे पांढऱ्या पेशीच्या पोटातलं आहे, माणसाच्या नाही. पण "उपाशी मारू" हा हिशोब एवढा सोपा नाही.

तिला आवर घालतात आतड्यातले बॅक्टेरिया आणि आपली प्रतिकारशक्ती, म्हणून तर अँटिबायोटिक्सनंतर किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ न भरल्यावर थ्रश, म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग, होतो. त्यावर बुरशीविरोधी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्यावीत. थकवा, डोकेदुखी, विसरभोळेपणा, सगळ्याला कॅन्डिडा जबाबदार ही कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेत फोफावली, १९९० मध्ये अशा रुग्णांवर निस्टॅटिन या बुरशीविरोधी औषधाची चाचणी झाली तेव्हा त्या सर्वांगाच्या तक्रारींवर औषध आणि खोटी गोळी यांच्यात फरक दिसला नाही. तरी ग्लासातल्या पाण्यात थुंकून कॅन्डिडा ओळखायची टेस्ट अजून फिरतेच आहे. लाळेतला चिकट म्युकस पाण्यात तारा सोडतो हो, बाकी काही नाही. आणि गोड सोडल्यावर डोकं दुखलं की "बुरशी मरतेय, चांगलं लक्षण", म्हणजे बरं वाटलं तरी डाएट बरोबर, वाईट वाटलं तरी बरोबर.

मैत्रिणीने हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग लसणाने तरी मरते ना?" लसणातलं ॲलिसिन लॅबमध्ये कॅन्डिडाला रोखतं हे खरं, पण ते पाकळी कच्ची ठेचल्यावर एका एन्झाइममुळे बनतं, आणि अख्खी पाकळी भाजली की ते एन्झाइम आधीच निकामी होतं. आपल्या मॅशमधला लसूण फक्त चवीला आहे. कच्चा घालून बघितला तिने नंतर, मॅश तोंडात धरवेना.