जुन्या मोटारींतलं कीलेस लॉक आणि चोरीबंदोबस्त

कारखान्यातून नुसतं किल्लीचं कुलूप घेऊन निघालेल्या गाडीला (आपल्याकडे मुख्यतः पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी फियाट, मॉरिस) मागाहून रिमोटवर उघडणारं सेंट्रल लॉक बसवणं आणि सोबत इंजिन परक्याच्या हातून चालू होणार नाही अशी सोय करणं, ही दोन्ही कामं या नोंदीत घेतली आहेत. बोलताना दोन्हींना मिळून ‘रिमोट लॉक बसवलं’ असंच म्हणतात, पण कामं वेगळी आहेत. पहिल्याने मालकाची सोय होते, गाडी वाचते ती दुसऱ्याने, आणि पैसे कमी असतील तर आधी दुसरं करावं.

उगम: पहिलं कीलेस लॉक कोणाचं यावर एकमत नाही. सगळे दरवाजे एकदम लागणं ही कल्पना बरीच जुनी, काही जण ती अमेरिकेतल्या १९१४ च्या स्क्रिप्स-बूथपर्यंत नेतात, विजेवरची दरवाजाची कुलपं मात्र १९५० च्या दशकात पॅकार्डसारख्या गाड्यांत रुळायला लागली. किल्लीशिवाय उघडण्याचा मान अमेरिकन लेखक साधारणपणे फोर्डला देतात, कारण १९८० च्या मॉडेलांत थंडरबर्ड आणि लिंकनच्या दरवाजावर आकड्यांची बटणं आली होती. फ्रेंच बाजूने रेनो फ्युएगोचं नाव येतं, १९८२ च्या सुमाराचं, आणि शोधाचं श्रेय पॉल लिपशुट्झ यांना दिलं जातं; त्या काळचे रिमोट बहुतेक इन्फ्रारेडवर चालायचे, म्हणजे दरवाजाकडे नेम धरून दाबायला लागायचं, रेडिओवाले नंतर सर्वत्र झाले. लांबून इशारा देऊन उघडणं हीच कसोटी धरली तर रेनोचा दावा जास्त टिकतो, कारण फोर्डच्या बटणांना गाडीपाशी जाऊन हात लावावाच लागतो. रिमोट खिशातच ठेवून दरवाजा उघडण्याच्या बाबतीतही असंच, मर्सिडीजच्या एस क्लासचं (१९९८-९९ च्या सुमाराचं) नाव सगळीकडे छापलं जातं पण शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये तशी सोय १९९३ लाच होती.

कोडचा इतिहास याहून महत्त्वाचा. सुरुवातीचे रिमोट दर वेळी तोच कोड पाठवायचे, तो एकदा पकडला की संपलं. त्यावर रोलिंग कोड आला, म्हणजे प्रत्येक दाबाला नवा कोड. त्यातला सर्वात पसरलेला कीलॉक (KeeLoq) नावाचा, तो १९८० च्या दशकाच्या मध्याला दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने घेतला आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिपच्या वीजवापरावरून त्याची गुप्त किल्ली काढून दाखवली. तरीही आजच्या स्वस्त किटपेक्षा तो कितीतरी बरा, कारण ४३३ मेगाहर्ट्झवरच्या बऱ्याच किटमध्ये अजूनही न बदलणारा कोडच असतो आणि डुप्लिकेट रिमोट बनवणाराही तो कॉपी करू शकतो. घेताना दुकानदाराला रोलिंग कोड आहे का हे विचारावंच.

बसवणी: दरवाजाचं ट्रिम काढायचं, त्याआधी काच वर-खाली करायच्या हँडलची क्लिप किंवा पिन सोडवायची, रेक्झिन लावलेला हार्डबोर्ड सावकाश उचकायचा नाहीतर क्लिपांची भोकं फाटतात. आत अ‍ॅक्च्युएटर (कुलपाची सळई ओढणारी-ढकलणारी छोटी मोटर) बसतो, ड्रायव्हरच्या दरवाजाला पाच वायरींचा आणि बाकीच्यांना दोन वायरींचा. त्याची सळई कुलपाच्या मूळ सळईच्या रेषेतच ओढली-ढकलली गेली पाहिजे, जरा तिरकी बसली की महिनाभर चालतं आणि मग कुलूप अर्ध्यावर अडकायला लागतं आणि लोक अ‍ॅक्च्युएटरला दोष देत बसतात. काच पूर्ण खाली घेऊन सळईला लागत नाही ना हे ट्रिम लावायच्या आधी बघायचं. दरवाजा आणि खांबामधून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवंच, नाहीतर पत्र्याच्या धारेवर वायर सोलली जाऊन शॉर्ट होते.

विजेचं पथ्य: किट १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं) धरून बनवलेलं असतं, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि जुनी फोक्सवॅगन बीटल ६ व्होल्टची. तिथे किट सरळ जोडलं तर मॉड्यूल, म्हणजे रिमोटचा इशारा घेणारी किटची पेटी, जळतं. पोलॅरिटी बदलायची झाली तर नुसती बॅटरी उलटी लावून भागत नाही, डायनामोचं फील्ड परत पोलराइज करायचं आणि इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी जास्त व्होल्ट तयार करते ती) वायरी अदलाबदल करायच्या. शिवाय मॉड्यूल सतत थोडा करंट खातं, २० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, म्हणजे ४० अँपिअर-अवरची बॅटरी उभ्या गाडीत सहा आठवड्यांत निम्मी होते. बॅटरी कटऑफ लावला तर रिमोटही बंद, म्हणून मूळ किल्लीचं कुलूप कधीच काढून टाकू नये.

खरा बंदोबस्त: जुन्या गाडीचा इग्निशन स्विच कॉइलला १२ व्होल्ट देतो, बस, बाकी काही तपासत नाही, त्यामुळे डॅशखालून वायर जोडली की गाडी चालू होते. पुढच्या त्रिकोणी काचेची कडी ढकलून आत हात घालणं तर त्याहून सोपं, मग रिमोट कितीही भारी असो. युरोपीय संघाने नव्या मोटारींना इमोबिलायझर (परक्याला इंजिन चालू करू न देणारं उपकरण) १९९८ पासून सक्तीचा केला, जुन्यांना ते काम चोरस्विचने, म्हणजे लपवून बसवलेल्या स्विचने, करावं लागतं. तो कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरीत घालून ती तोडणं चांगलं. काही वायरमन पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉइलचा करंट तोडणाऱ्या स्विचची) वायर अर्थ करतात, तेव्हा स्पार्क बंद होतो खरा पण इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापत राहते. रिले (विजेने चालणारा स्विच) वापरायचा तर असा जोडावा की रिले मेला तरी चालती गाडी हायवेवर बंद पडू नये. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवर चालतो, विजेवर नाही, म्हणून पंपाची वायर तोडायची युक्ती तिथे लागूच पडत नाही. गिअर लॉक दिसतं, आणि दिसणं हाच त्याचा निम्मा उपयोग.

बडोदे: जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यावर व्हिंटेज गाड्यांचा मोठा मेळा झाला, पण हा विषय जास्त लागू पडतो तो दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या घरांना, जिथे गॅरेज नाही आणि आजोबांची गाडी कव्हर घालून गल्लीतच उभी असते. इथे आणखी एक गोष्ट बघावी लागते, विश्वामित्रीचं पाणी. २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं, म्हणून मॉड्यूल सीटखाली न बसवता डॅशच्या वर, जमेल तितकं उंच बसवावं आणि दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवावीत.

नोंदणी व विमा: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मोठे बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये. चॅसी, बॉडी, इंजिन बदलणं हे मोठे बदल धरले जातात. तरीही भोक न पाडता, मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) न कापता, परत काढता येईल असंच काम करून घ्यावं, जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेचाही भर त्यावरच आहे. एआरएआयने (पुण्याची वाहन संशोधन संस्था) मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण असेल तर जुन्या मोटार टॅरिफमध्ये (विम्याच्या ठरवून दिलेल्या दरांत) ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट ठरलेली होती. घरी बनवलेला चोरस्विच त्यात बसत नव्हता.