प्रवाह कमी केल्याने स्लगिंग थांबत नाही

समुद्रातल्या तेल-वायू एकत्र नेणाऱ्या वाहिनीत द्रवाचे हबके बसू लागले (याला स्लगिंग म्हणतात) की ‘विहिरींचा प्रवाह कमी करा’ हा सल्ला ठरलेला. तीव्र स्लगिंगला तो लागू पडत नाही. ते मुळात कमी प्रवाहातच होतं, म्हणून उत्पादन घटलेल्या जुन्या क्षेत्रांत जास्त दिसतं.

वाहिनी तळावरून उताराने येऊन उभ्या रायझरला, म्हणजे तेल वर नेणाऱ्या नळीला, मिळते. वेग कमी असला की द्रव खाली, वायू वर असे थर राहतात आणि तो कोपरा द्रवाने सहज बुजतो. रायझर भरत जातो, मागे वायू दबत जातो. 800 किलो प्रति घनमीटर घनतेच्या तेलाचा 100 मीटर स्तंभ म्हणजे जवळपास 7.8 बार. वायू कोपऱ्यातून आत शिरला की स्तंभ हलका होतो, दाब कोसळतो आणि द्रव वरच्या सेपरेटरवर (तेल-वायू वेगळं करणाऱ्या टाकीवर) आदळतो. उरलेला खाली घसरतो, पुन्हा तेच चक्र.

उपाय रायझरच्या वरच्या टोकाला: चोक व्हॉल्व्ह (प्रवाह रोखणारी झडप) बेताने आवळायचा. प्रवाह उसळला की त्याचा अडथळाही वाढतो, उसळी दबते. फार आवळलात तर उत्पादन नाहक जातं. रायझरच्या बुडाशी गॅस-लिफ्ट, म्हणजे वायू सोडून स्तंभ हलका करणं, हाही मार्ग आहे, पण खर्चिक.

मॉडेलिंगमध्ये स्थिर-अवस्थेचं गणित सरासरीच देतं, चक्र दिसतच नाही. काळानुसार बदलणारं द्वि-द्रायू मॉडेल (द्रव आणि वायूची वेगळी समीकरणं मांडणारं) हवं. त्यातही गणनेची जाळी (वाहिनीचे गणितासाठी पाडलेले तुकडे) बारीक केली की उत्तर सुधारतंच असं नाही: द्रव आणि वायूच्या वेगातला फरक फार वाढला तर दोन्हींना एकच दाब धरणारं साधं मॉडेल गणिती दृष्ट्या ढासळतं आणि बारीक जाळीत खोट्या लाटा अधिकच जोमाने वाढतात.