सॅन हुआन पर्वतातील एल्कची शिकार : पूर्वनियोजन

एल्क किंवा वापिती हे उत्तर अमेरिकेतील थोराड हरीण. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा भाऊबंद. अमेरिकेत सर्वाधिक एल्क कोलोरॅडो राज्यात आहेत आणि तेथे त्यांची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते. राज्याच्या नैर्ऋत्येकडील सॅन हुआन पर्वतरांग ही या शिकारीची नामांकित आणि तितकीच कठीण जागा. वृक्षरेषाच, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत ती उंची, तेथे ३,५०० मीटरच्या आसपास आहे, घळी खोल आहेत आणि बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला मुलूख अनोळखी असतो. अशा ठिकाणी जनावर कुठे भेटेल, हा प्रश्न दुसरा. पडलेल्या जनावराचे मांस नासण्याआधी खाली कसे उतरवायचे, हा पहिला. नियोजन या शेवटच्या टोकापासून मागे मागे करत यावे लागते.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. हाडे काढून टाकली तरी ९० ते ११० किलो मांस उरते. एका खेपेला ३० किलो पाठीवर घेणारा एकटा माणूस धरला, तर चार खेपा होतात. जागा गाडीरस्त्यापासून पाच किलोमीटर आत असेल, तर चार वेळा उतरणे आणि मध्ये तीन वेळा पुन्हा चढणे मिळून ३५ किलोमीटरची पायपीट होते. सप्टेंबरात दुपारचे ऊन चांगलेच तापते. त्यामुळे कातडे तातडीने उतरवून मांडीचे आणि खांद्याचे तुकडे सुटे करतात, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालतात आणि सावलीत टांगतात. खुब्याच्या हाडालगतचे मांस सर्वांत उशिरा थंड होते आणि नासायला सुरुवातही तिथूनच होते. खाण्याजोगे मांस रानात सोडून येणे हा कोलोरॅडोत कायद्याने गुन्हा आहे. हा नियम नसता तरी असे मांस टाकून देणाऱ्याला शिकारी म्हणू नये. ज्या घळीतून ओझे वर काढता येणार नाही, तिच्यात एल्क दिसला तरी गोळी झाडायची नाही, हे घरी नकाशा पाहतानाच ठरवलेले असावे.

त्यासाठी नकाशा नीट वाचता यायला हवा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये बहुधा ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर, उंचीचे अंतर असते. एका सेंटीमीटरमध्ये अशा दहा रेषा दाटल्या असतील, तर चढ सुमारे २७ अंशांचा निघतो. ओझे घेऊन तो उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. खरा धोका मात्र रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत असतो. दहा मीटरचा उभा कडा दोन रेषांमध्ये सहज दडून राहतो आणि नकाशावर त्याची खूणही दिसत नाही. म्हणून उपग्रहचित्राशी ताडून पाहणे आणि जमल्यास उन्हाळ्यात एकदा वाट तुडवून येणे इष्ट. हे सगळे नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावेत, कारण दऱ्यांत नेटवर्क मिळत नाही. सोबत कागदी नकाशा आणि होकायंत्र असावेच.

एल्कचा दिनक्रम बराचसा उतारांवर ठरतो. पहाटे आणि संध्याकाळी कळप गवताळ, मोकळ्या उतारांवर चरतो. दिवसा तो उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या स्प्रूस आणि फरच्या गर्द रानात, डोंगराच्या अंगावरच्या एखाद्या सपाट टप्प्यावर बसतो. सप्टेंबरात नर माजावर येतात आणि त्यांची शिटीसारखी चिरकी आरोळी दरीभर घुमते. माज ओसरला की दमलेले मोठे नर माणसाची वर्दळ नसलेल्या अडचणीच्या कोपऱ्यांत जातात. पुढे बर्फ साचू लागला की कळप खाली सरकतात. थोडक्यात, सप्टेंबरात हेरलेली जागा नोव्हेंबरात रिकामी असू शकते.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. रात्री गारठलेली हवा सकाळी उताराने खाली वाहत असते. ऊन चढले की ती उलटून वर सरकते, आणि खालून येणाऱ्या माणसाचा वास थेट कळपापर्यंत पोहोचतो. म्हणून अंधारातच बाजूच्या सोंडेवरून चढून, हवा फिरण्याच्या सुमारास कळपाच्या वर पोहोचायचे असा बेत करतात. बारीक भुकटीची छोटी बाटली खिशात असते. ती दाबायची आणि भुकटी कुठे वाहते ते बघायचे. घळीच्या तोंडाशी हीच भुकटी गोल फिरताना दिसते. अशा जागेतून पुढे न जाणेच बरे.

सखल भागातून आलेल्याने पहिले दोन-तीन दिवस शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. ऑक्टोबरात एका रात्रीच्या बर्फानेही कच्चे रस्ते बंद होऊ शकतात. तेव्हा परतीची दुसरी वाट आणि कोणत्या दिवशी परत आलो नाही तर शोध सुरू करायचा, हे मागे कुणाला तरी लिहून द्यावे.

कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरात असतो. बंदुकीचे चार हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. राज्य शिकार विभागांमध्ये वाटलेले आहे आणि अनेक परवाने वसंतात निघणाऱ्या सोडतीतून मिळतात. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. बंदुकीच्या हंगामात अंगावर आणि डोक्यावर चमकदार नारिंगी किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे.

जमीन कुणाची आहे, हेही आधी पाहावे लागते. दरीतळाची कुरणे बहुधा खाजगी असतात आणि मालकाच्या परवानगीशिवाय तेथे जाता येत नाही. वेमिनूच हे राज्यातील सर्वांत मोठे संरक्षित निर्जन क्षेत्र याच पर्वतांत आहे. अशा क्षेत्रांसाठीच्या १९६४ च्या कायद्यामुळे तेथे मोटारच काय, चाकाची हातगाडीही चालत नाही. मांस माणसाच्या पाठीवरून किंवा घोड्या-खेचरांवरूनच बाहेर येते, म्हणून खेचरवाल्याशी बोलणी काही महिने आधी करून ठेवतात. हे पर्वत मुळात यूट या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांचे. १८७३ च्या ब्रुनो कराराने ही भूमी त्यांच्या हातून गेली, पण तेथे शिकार करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. सदर्न यूट आणि यूट माउंटन यूट या जमाती आजही तो बजावतात.